बाळाचा थायरॉइड : आकड्याआधी वय वाचा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात जन्मजात थायरॉइडच्या दोषांबद्दल प्रश्न मागवले होते. इंदूर, देवास, महू, उज्जैनहून आलेल्या बहुतेक पत्रांना रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली आहे. टीएसएचच्या (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे मेंदूकडचे संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढते) आकड्याभोवती पेनाने गोल काढलेला असतो, पण रक्त घेतले तेव्हा बाळ किती तासांचे किंवा किती दिवसांचे होते, हे पत्रात क्वचितच असते. नुसत्या आकड्यावर आम्हाला काहीही सांगता येत नाही. तोच टीएसएच पाच तासांच्या बाळात निरोगीपणाचा असतो, तर तिसऱ्या आठवड्यात धोक्याचा. म्हणून ज्या पत्रांत वय होते, त्यांनाच आधी घेतले आहे.

प्रश्न : नातीच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्त घेतले. टीएसएच ६२ आला. बाळाला लगेच घेऊन या, असा दवाखान्यातून फोन आला. बाळ ३ किलो २०० ग्रॅमचे आहे, दूध पिते, अजिबात त्रास देत नाही, उठवावे तेव्हाच उठते. आमच्याकडे सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. तेवढे थांबलो तर चालेल का? (एक आजोबा, लोकमान्यनगर)

नाही चालणार. अंक हातात येईपर्यंत तुम्ही जाऊन आला असाल अशी आशा आहे. नसाल तर आजच जा.

बाळ ठीक दिसते याचे कारण आईकडे आहे. पोटात असताना आईचे थायरॉइड संप्रेरक वारेतून बाळाला मिळत असते. जन्मानंतर ही शिदोरी काही दिवसांत संपते आणि मग बाळाची स्वतःची ग्रंथी किती काम करते ते कळू लागते. त्यामुळे हा दोष असलेल्या बहुतेक बाळांत जन्मतः काहीच दिसत नाही. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ, फुगलेली बेंबी, मागची टाळू बोट मावेल एवढी उघडी असणे ही पुस्तकातली लक्षणे हळूहळू येतात. ती सगळी दिसेपर्यंत मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ हातचा गेलेला असतो. जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत पूर्ण मात्रेत औषध सुरू झाले, तर ही मुले बुद्धीने इतर मुलांच्या बरोबरीने वाढतात. सव्वा महिना म्हणजे त्या मुदतीच्या जवळजवळ तिप्पट.

आणि आजोबा, ‘अजिबात त्रास देत नाही, उठवावे तेव्हाच उठते’ हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. आम्हाला तीच ओळ खटकली. फार शहाण्यासारखे वागणारे तान्हे बाळ एकदा तपासून घेतलेले बरे.

आता ६२ या आकड्याविषयी. जन्मल्यावर बाहेरच्या गारव्याने प्रत्येक बाळाचा टीएसएच अर्ध्या तासात ६० ते ८० पर्यंत उसळतो आणि दोन-तीन दिवसांत खाली येतो. म्हणून तपासणीचे रक्त एक तर जन्मतानाच नाळेतून घेतात किंवा ४८ ते ७२ तासांनी टाचेतून. मधल्या तासांत घेतले तर खोटी घबराट होते. तुमच्या नातीचे रक्त तिसऱ्या दिवसाचे आहे, म्हणजे उसळी ओसरल्यानंतरचे. चाळणीच्या तपासणीत (स्क्रीनिंगमध्ये) टीएसएच ४० च्या वर गेला की बाळाला तातडीने परत बोलवायचे, असा नियम आहे. २० ते ४० मध्ये असेल तर सात ते दहा दिवसांचे झाल्यावर पुन्हा तपासतात. रिपोर्ट टाचेच्या थेंबाच्या कागदी कार्डावरचा असेल, तर आकडा पूर्ण रक्ताच्या एककात आहे की सीरमच्या (रक्तपेशी वगळून उरलेल्या पातळ भागाच्या), हे विचारून घ्या. पूर्ण रक्तातल्या आकड्याला सुमारे २.२ ने गुणले की सीरमचा आकडा मिळतो. वर दिलेल्या मर्यादा सीरमच्या आहेत.

दवाखान्यात शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉइडने बनवलेले, रक्तात मोकळे फिरणारे संप्रेरक) पाहतील. वय दोन आठवड्यांच्या आत असताना टीएसएच २० च्या वर आणि दोन आठवड्यांनंतर १० च्या वर, सोबत फ्री टी४ हा १.१७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, असे आले की निदान पक्के. पण तुमच्या नातीसारख्या केसमध्ये रक्त घेतले की रिपोर्टची वाट न पाहता पहिली गोळी देऊन टाकायची. रिपोर्ट चांगला आला तर औषध थांबवता येते. उशिराची भरपाई मात्र होत नाही.

मात्रा दर किलोला दिवसाकाठी १० ते १५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडचेच संप्रेरक, थायरॉक्सिन, गोळीच्या रूपात). ३.२ किलोला ते ३२ ते ४८ होतात, म्हणजे २५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी (३७.५) मधोमध बसते. फ्री टी४ फारच कमी असेल तर डॉक्टर वरच्या टोकाची मात्रा घेतील. एवढ्याशा जिवाला दीड गोळी पाहून घरचे हबकतात आणि मनानेच अर्धी करतात. तसे करू नका. किलोच्या हिशेबाने तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या सहा ते नऊ पट औषध लागते.

त्याच भेटीत दोन गोष्टी विचारल्या जातील, त्यांची उत्तरे तयार ठेवा. एक, सुनेला थायरॉइडचा आजार आहे का, गरोदरपणी कार्बिमाझोलसारखी, थायरॉइडचे काम कमी करणारी गोळी चालू होती का. दोन, प्रसूतीच्या वेळी किंवा नाळेवर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक सढळ हाताने लावले होते का. आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडे (अँटिबॉडी), तिची औषधे आणि बाहेरून लागलेले आयोडीन यांनी बाळाची ग्रंथी काही आठवडे किंवा महिने दबून राहते आणि पुढे आपोआप सुधारते. आजचे औषध त्यामुळे चुकत नाही. तिसऱ्या वर्षी औषध थांबवून पाहायचे का हा निर्णय घेताना मात्र ही माहिती कामाला येते. याशिवाय बाळाचे हृदय तपासून घ्यावे, कारण या मुलांत हृदयाचे जन्मदोष इतरांपेक्षा जास्त आढळतात. ऐकण्याची चाचणीही राहू देऊ नका.

सव्वा महिन्याच्या रिवाजाबद्दल एवढेच, की तो बाळ-बाळंतिणीला गर्दी आणि संसर्गापासून जपण्यासाठी आहे. गाडीतून जाऊन तासाभरात परत येण्याने तो मोडत नाही.

प्रश्न : सहा आठवड्यांच्या नातवाला थायरॉइडची गोळी सुरू आहे. मी ती सहाणेवर उगाळून सकाळच्या घुटीबरोबर चाटवते. गेल्या वेळी टीएसएच खाली यायला हवा होता, तो तसाच आहे. माझे काही चुकते का? (एक आजी, रामबाग)

सगळा घोटाळा सहाणेवर आहे, आजी. सहाण खरखरीत असते, गोळी इवलीशी. उगाळल्यावर पांढरी पूड दगडाच्या छिद्रांत बसते आणि बाळाच्या तोंडात किती गेली ते कळायला मार्ग नाही. त्यात घुटीत हळकुंड, मुरडशेंग, बदाम असे दहा जिन्नस. त्यातले कोणते थायरॉक्सिन शोषू देते आणि कोणते अडवते, याचा भरवसा नाही.

असे करा. दोन स्टीलचे चमचे घ्या, कोरडे. एका चमच्यात गोळी ठेवा, दुसऱ्याच्या पाठीने दाबून पूड करा. त्यात आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी तीन-चार थेंब घाला, ढवळा आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडा. मग त्याच चमच्यात पुन्हा थोडे दूध फिरवून तेही पाजा, कारण चमच्याला चिकटून राहणारा भागही मात्रेतच मोजलेला असतो. दुधाच्या भरल्या बाटलीत किंवा वाटीत गोळी मिसळू नका. बाळाने दूध अर्धवट टाकले की औषधही अर्धे जाते. चार दिवसांची पूड एकदम करून ठेवणे, पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये ठेवणे हेही नको, विरघळलेले औषध टिकत नाही.

वेळ रोज एकच ठेवा. मोठ्यांसारखा उपाशीपोटीचा हट्ट तान्ह्या बाळात धरता येत नाही, ते दर दोन तासांनी पिते. रोजची पद्धत एकसारखी असली की मात्रा तिला जुळवून घेता येते. लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब मात्र गोळीपासून चार तास दूर. घुटी द्यायचीच असेल तर संध्याकाळी. आम्हाला विचाराल तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पण हे सांगून रामबागेतली एकही आजी ऐकत नाही.

गोळी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बाळाने सगळे ओकले तर पुन्हा द्या. त्यानंतर थोडे दूध बाहेर आले तर काही करू नका. एखाद्या दिवशी राहिलीच, तर त्या दिवशी आठवेल तेव्हा द्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आले तर डॉक्टरांना विचारून त्या दिवशी दोन दिवसांची मिळून देता येते. हे औषध रक्तात निम्मे व्हायला जवळपास आठवडा लागतो, त्यामुळे एका चुकलेल्या गोळीने आकाश कोसळत नाही. रोज निम्मी वाया गेली तर कोसळते, आणि तुमच्याकडे बहुधा तेच होत आहे.

पद्धत बदलल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. टीएसएच उतरत नाही म्हणून त्यांनी मात्रा वाढवली आणि त्याच आठवड्यात तुम्ही चमच्याने नीट द्यायला लागलात, तर बाळाला जास्त होईल. किरकिर, झोप न लागणे, घाम, पातळ शी, धडधडणारी छाती, दूध पिऊनही वजन न वाढणे ही जास्त झाल्याची चिन्हे. फार काळ जास्त राहिले तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळू शकतात.

प्रश्न : मुलगा तीन आठवड्यांचा. टीएसएच १४, फ्री टी४ १.०. लॅबच्या कागदावर फ्री टी४ समोर ‘नॉर्मल’ छापले आहे. एक डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात, घरातले म्हणतात कागद नॉर्मल आहे. (महू)

डॉक्टरांचे ऐका. कागदावरची मर्यादा मोठ्या माणसाची आहे. अनेक लॅबचे यंत्र सगळ्यांसाठी एकच पट्टी छापते, साधारण ०.८ ते १.८. पहिल्या महिन्यातल्या बाळाची खालची मर्यादा त्याहून वर असते. १.१७ च्या खाली तो कमीच धरतात. तीन आठवड्यांच्या वयाला टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी४ कमी, म्हणजे उपचार सुरू करायचे. काही लॅब फ्री टी४ पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तुमचा १.० तिथे सुमारे १२.९ दिसेल. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘एकदम बारापट वाढला’ असे समजू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि फॉर्मवर बाळाचे वय दिवसांत लिहायला सांगा.

फ्री टी४ चांगला आणि टीएसएच ६ ते १० च्या दरम्यान, अशी बाळे वेगळी. त्यांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. त्यातल्या पुष्कळांचा टीएसएच स्वतःहून उतरतो.

उलटी जोडीही असते. टीएसएच अगदी सरळ, पण फ्री टी४ कमी. नुसता टीएसएच पाहणारी चाळणी तपासणी इथे चकते. दोष गळ्यात नसून मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असतो. अशा बाळात आधी कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचे संप्रेरक) तपासायचे. ते कमी असताना थायरॉक्सिन आधी दिले तर बाळ अचानक गंभीर होऊ शकते. पुढेही या मुलांची मात्रा फ्री टी४ वर ठरते, टीएसएच तिथे कामाचा नाही.

अपुऱ्या दिवसांचे, दीड किलोच्या आतले, अतिदक्षता विभागात राहिलेले बाळ आणि दिसायला सारखी जुळी यांची पहिली तपासणी चांगली आली तरी दोन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा टीएसएच उशिरा चढतो. एकाच वारेच्या जुळ्यांत निरोगी भावंडाचे रक्त दुसऱ्यात मिसळून त्याचा दोष झाकू शकते.

प्रश्न : स्कॅनसाठी किरणोत्सर्गी औषध देणार म्हणाले. एवढ्या लहान मुलीला ते चालते का? आणि त्यासाठी गोळी चार दिवस थांबवू का? (सुदामानगर)

गोळी थांबवू नका. टेक्नेशियमच्या स्कॅनमधली मात्रा फार थोडी असते आणि काही तासांत तिचा जोर ओसरतो. ग्रंथी मुळीच नाही, जिभेच्या मुळाशी अडकली आहे, की जागेवर असूनही संप्रेरक बनवत नाही, हे त्यातून कळते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या पाच-सात दिवसांत टीएसएच अजून चढा असतो, तोवर स्कॅन करता येतो. ती संधी गेली तर तीन वर्षांचे झाल्यावर करतात. सोबत गळ्याची सोनोग्राफी हवीच. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे स्कॅन कोरा येतो आणि ग्रंथी नाहीच असे वाटते. सोनोग्राफीत ती जागेवर दिसते.

प्रश्न : मुलगी पावणेतीन वर्षांची. चौदाव्या दिवसापासून गोळी चालू आहे. सगळे रिपोर्ट उत्तम. उज्जैनचे एक नातेवाईक म्हणतात, आता बंद करून बघा. (देवास)

रिपोर्ट उत्तम आहेत ते गोळीमुळे, हे नातेवाइकांना सांगा. बंद करून पाहायचे की नाही हे रिपोर्टवर ठरत नाही, मूळ कारणावर ठरते. स्कॅनमध्ये ग्रंथी नाहीच किंवा भलत्या जागी आहे असे दिसले असेल, तर प्रश्नच मिटला, औषध जन्मभर. पहिल्या वाढदिवसानंतर कधी मात्रा अपुरी पडून टीएसएच १० च्या वर गेला असेल, तरीही उत्तर तेच.

ग्रंथी जागेवर आहे, मात्रा वयाच्या मानाने फारच थोडी पुरते (दर किलोला २ ते ३ मायक्रोग्रॅमच्या आत), बाळ अपुऱ्या दिवसांचे होते किंवा आईच्या औषधांचा, प्रतिपिंडांचा, आयोडीनचा इतिहास आहे, अशांत तीन वर्षे पूर्ण झाल्यावर चार आठवडे गोळी थांबवून टीएसएच आणि फ्री टी४ पाहतात. तीन वर्षेच का, तर तोवर मेंदूच्या वाढीचा थायरॉइडवर अवलंबून असलेला मोठा भाग पार पडलेला असतो. चार आठवडे म्हणजे चारच. परीक्षा, लग्नसराई, गावाला जाणे यात रक्त तपासायचे राहून गेले आणि मूल सहा महिने बिनऔषधाचे राहिले, असे होऊ देऊ नका. थांबवण्याच्या दिवशीच रक्ताची तारीख कॅलेंडरवर लिहा. मधल्या काळात मूल सुस्तावले, शी कडक झाली, चेहरा फुगला तर तारखेची वाट पाहू नका.

तोपर्यंतचे वेळापत्रकही विचारले आहे. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी फ्री टी४, महिन्याने दोन्ही, मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दर दोन महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, पुढे तीन ते सहा महिन्यांनी. मात्रा बदलली की चार-सहा आठवड्यांनी एक जादा. टीएसएच ५ च्या आत आणि फ्री टी४ वयाच्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात असावा. त्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. गोळीनंतर दोन ते चार तास फ्री टी४ चढलेला असतो. केसांसाठी वगैरे बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर ते दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्याने यंत्राचे वाचन बिघडते.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्यावर मधोमध लिंबाएवढी गाठ आहे. जीभ बाहेर काढली की वर सरकते. ऑपरेशन करायला सांगितले आहे. (विजयनगर)

वर्णन थायरोग्लॉसल सिस्टचे आहे. थायरॉइड गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होतो आणि सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात खाली उतरतो. ज्या वाटेने उतरतो ती नंतर बुजायला हवी. बुजली नाही तर तिच्यात पाणी साठून गाठ होते, आणि वाट जिभेला जोडलेली असल्याने जिभेबरोबर हलते.

ऑपरेशनआधी एक गोष्ट न चुकता करून घ्या. गळ्याच्या सोनोग्राफीत त्या गाठीखेरीज थायरॉइड आपल्या जागेवर आहे, असे कागदावर लिहून आले पाहिजे. क्वचित ती ‘गाठ’ म्हणजेच मुलाचा एकुलता एक थायरॉइड असतो, अर्ध्यावर अडकलेला. तो काढला तर मूल जन्मभराच्या गोळीवर जाते. जागेवर ग्रंथी दिसली नाही तर आधी टीएसएच आणि स्कॅन, सुरी नंतर.

सिस्टच असेल तर सर्जनना विचारा की सिस्ट्रंक पद्धतीने करणार ना. त्यात गाठीबरोबर गळ्यातल्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची नळी काढतात. नुसती गाठ खुडली तर ती परत येते. आत्ता गाठ लाल, दुखरी असेल तर आधी अँटिबायोटिक देऊन सूज उतरू द्या. चीर देऊन पू काढला की पुढचे ऑपरेशन अवघड होते.

जिभेच्या मुळाशीच राहिलेला थायरॉइड पुष्कळदा वयात येताना उघडकीस येतो. आवाज घशात अडकल्यासारखा, गिळताना अडणे, घोरणे, आणि घशात मागे गुलाबी-लाल फुगवटा. टॉन्सिल समजून त्याचा तुकडा तपासायला काढू नये, रक्तस्राव होतो. थायरॉक्सिन दिले की टीएसएच उतरतो आणि फुगवटाही आक्रसतो. श्वासाला अडथळा असला तरच पुढचा विचार.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, वजन ५२ किलो, जन्मापासून गोळी घेते, आता १०० मायक्रोग्रॅम. कोचिंगसाठी होस्टेलवर राहते. टीएसएच ३८, फ्री टी४ १.७. पाळीला अंगावर फार जाते. मात्रा वाढवायची का? आणि पुढे लग्नाचे काय? (एक आई, राऊ)

दोन्ही आकडे एकत्र वाचा. टीएसएच ३८ म्हणजे गेले दीड-दोन महिने शरीराला औषध कमी पडले. फ्री टी४ १.७ म्हणजे गेल्या काही दिवसांत भरपूर पडले. दोन्ही एकाच वेळी खरे असण्याची नेहमीची वाट एकच आहे. गोळ्या महिनाभर राहून गेल्या आणि तपासणीच्या आधी चार-पाच दिवस नेमाने, कदाचित दोन-दोन, घेतल्या गेल्या. ५२ किलोला १०० ही मात्रा ठीक आहे. ती वाढवू नका. मुलीला रागावूही नका. रागावले की पुढच्या वेळी ती तपासणीआधी आणखी नीट घेईल, एवढाच फरक पडेल.

सात खणांची गोळ्यांची डबी आणि टूथब्रशशेजारी तिची जागा. रविवारी रात्री डबी भरायची. रिकामे न झालेले खण दिसतात, तिथे वाद होत नाही. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याशी गोळी आणि किमान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. इंदुरात सात वाजता पोह्यांची प्लेट आणि चहा हातात येतो, म्हणून गोळी सहाला. रात्रीची वेळ हवी असेल तर जेवणानंतर तीन तास जायला हवेत. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अकरा वाजता खाणाऱ्यांनी त्या फंदात पडू नये.

माळव्यात विशेष जपायची गोष्ट म्हणजे सोयाबीन. इथे पोळीच्या पिठात सोया पीठ मिसळतात, होस्टेलच्या भाजीत सोयाच्या वड्या असतात. सोया थायरॉक्सिनचे शोषण कमी करते. बंद करायला नको, पण गोळीजवळ नको आणि प्रमाण रोज साधारण सारखे असावे. सुट्टीत घरी सोयाचे पीठ, होस्टेलवर नाही, अशाने आकडे हेलकावे खातात. सोयापासून केलेले बाळाचे दूध सुरू केले तरी हेच, तिथे मात्रा वाढवावी लागते.

अंगावर जास्त जाण्याचे कारणही बहुधा हेच आहे. थायरॉइड कमी पडला की पाळी जड होते, रक्त कमी होते, लोहाची गोळी सुरू होते, आणि ती थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतली की थायरॉइड आणखी कमी पडतो. लोह दुपारी जेवणानंतर द्या, हे चक्र तिथेच तुटते.

लग्नाबद्दल. टीएसएच ताब्यात असेल तर मूल होण्यात या आजाराने अडचण येत नाही. लपवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण गोळी रोजची आहे आणि गरोदरपणात मात्रा वाढवावी लागते. दिवस गेल्याचे कळले त्याच दिवशी मात्रा पाव हिश्श्याहून थोडी अधिक वाढवतात. सोपा हिशेब म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. बाळंतपणानंतर जुनी मात्रा, आणि सहा आठवड्यांनी रक्त. गोळी घेत असताना बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. हे सगळे मुलीला स्वतःला माहीत हवे. सतराव्या वर्षी फाइल आईच्या कपाटात नको, तिच्या हातात हवी.

थोडक्यात

*पहिल्याला आहे, दुसऱ्या बाळाला होईल का?* ग्रंथी नसणे किंवा सरकलेली असणे हे बहुधा पुन्हा होत नाही. ग्रंथी जागेवर असून संप्रेरक बनवत नसेल (पुढे गलगंड दिसतो, काहींत बहिरेपणाही), तर दोष दोन्ही पालकांकडून आलेला असतो आणि प्रत्येक गर्भाला धोका चारात एक. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत हा प्रकार विशेष पाहावा. दुसऱ्या बाळाची तपासणी दोन्ही बाबतींत करायचीच.

*उपवासाला सैंधव खातो, त्याने मुलाचा थायरॉइड बिघडला का?* जन्मजात दोष त्याने होत नाही आणि आयोडीनयुक्त मिठाने बराही होत नाही. पण साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. गरोदर बाईने रोजच्या स्वयंपाकाला ते वापरू नये.

*उन्हाळ्यात गोळ्या कुठे ठेवायच्या?* मूळ बाटलीत, झाकण घट्ट, घरातल्या सर्वांत गार कोरड्या कपाटात. गॅसजवळ, गाडीत किंवा न्हाणीघरात नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत राहिलेली बाटली टाकून द्या, आणि रंग बदललेली किंवा भुसभुशीत झालेली गोळी वापरू नका.

*डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला कितीदा तपासायचे?* जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी, पहिले रिपोर्ट कितीही चांगले असले तरी. सुस्ती, बद्धकोष्ठ, खुंटलेली वाढ ही लक्षणे या मुलांत मूळ आजाराच्या नावावर सहज खपून जातात.